दहापैकी आठ

गुरुवारी दुपारी पावणेतीनच्या सुमाराला मी एका राजीनाम्याला दहापैकी आठ गुण दिले. एक गुण हजेरी क्रमांक लिहिला नव्हता म्हणून कापला आणि एक कारण मोघम होतं म्हणून. समासात लाल शाईनं लिहिलं, 'कारण मोघम. नेमकं का सोडायचं आहे ते लिहा.' खाली सही केली, तारीख घातली, कागद उजवीकडच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि पुढचा घेतला. हे असं दर गुरुवारी चालतं. शाळेत परदेशी भाषा शिकवणाऱ्या प्रत्येकानं आपल्या वर्गातले तपासलेले दहा कागद माझ्या टेबलावर आणून ठेवायचे आणि मी ते पुन्हा तपासायचे. त्यात शिकवणाऱ्याचं काय सुटलं तेही कळतं. हा नियम कोणी छापलेला नाही, मीच केलेला आहे, आणि अकरा वर्षांत तो एकदाही चुकलेला नाही. या आठवड्यात दहावीच्या जर्मनला औपचारिक पत्रं होती. रजेचा अर्ज, तक्रार, राजीनामा, ज्याला जे हवं ते. पुढच्या कागदावरच्या मुलानं कारखान्याचा राजीनामा दिला होता, कारण साहेब खिडकीजवळची जागा देत नाहीत आणि झोप पुरत नाही. मला हसू आलं. आणि हसता हसता ते ओठावरच थांबलं, कारण आधीच्या पत्रात असा पोरकटपणा कुठेच नव्हता. त्यात तीन वर्षं होती, प्रयोगशाळेमागची खोली होती, या महिन्याची तीस तारीख होती. नावाच्या जागी नुसती सही होती, आणि अक्षर इतकं नेटकं की मी धरून चालले होते, पहिल्या बाकावरची कोणी असणार. मी कागद पुन्हा ओढला. ते अक्षर मी तीन वर्षं दर गुरुवारी मुलांच्या कागदांवरच्या शेऱ्यांत बघत आले होते. मग मी गठ्ठा मोजला. अकरा कागद होते. मी नेहमी आधी मोजते आणि मग पेन उघडते, त्या दिवशी मोजले नव्हते.

धाकट्या बाईंचा राजीनामा होता तो. शिक्षकांत वयानं सगळ्यात लहान म्हणून तिला सगळेच धाकट्या बाई म्हणतात, मुलंसुद्धा. मला मुलं लालपेन म्हणतात. तोंडावर नाही, पण जिना चढताना वरून खाली कुजबूज सरकत येते, 'लालपेन आली, लालपेन आली,' आणि मी ऐकू न आल्यासारखं करते. खरं सांगायचं तर मला ते नाव आवडतं. निदान आवडत होतं. मी पेनाचं टोपण लावलं आणि टेबलावर दोन्ही हात पसरून बसले. आमच्याकडे विभागप्रमुखाची सही आणि तारीख पडली की राजीनामा मिळाला असं धरतात आणि त्या दिवसापासून दिवस मोजले जातात. म्हणजे मी तो नुसता तपासला नव्हता, स्वीकारलाही होता. शेरा मारून, गुण देऊन, स्वीकारला होता. सत्राच्या सुरुवातीला मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं होतं, "बाई, अकरा वर्षांत जर्मनच्या चार जणी गेल्या. आता पाचवी गेली तर मी जाहिरात देणार नाही. पडद्यावरचे धडे आणतो. पडदा राजीनामा देत नाही." ते हसले होते आणि मीही हसले होते, कारण मुख्याध्यापक हसले की हसायचं असतं. पण त्यांनी त्या धड्यांची माहितीपुस्तिका टेबलावर ठेवलेली मला दिसली होती, मधल्या पानावर दुमडलेली. आठवी ते दहावीची एकशे चौसष्ट मुलं एका पडद्याकडे बघत बसणार, आणि पडदा त्यांच्याकडे बघणार नाही. ही गेली की जर्मन गेली.

कागद फाडता आला असता. खणात तळाशी सरकवता आला असता. तिनं शोधला असता, दोन दिवस घाबरली असती, मग पुन्हा लिहिला असता किंवा कदाचित नसताही. मी खण उघडलासुद्धा. खणात तळाला जुनी फाईल असते, तिच्यावर माझंच अक्षर, 'नेमणुका व राजीनामे'. ती काढून बसले. चौघींची चार पत्रं. एक कंपनीत भाषांतराला गेली, एक लग्न करून दुसऱ्या शहरात, एकीच्या वडिलांचं दुखणं होतं, आणि चौथी तर मधल्या सुट्टीत गेली ती आलीच नाही, पत्र टपालानं आलं, तिची छत्री अजून कपाटामागे आहे. ही कारणं मी मनात वर्षानुवर्षं सांभाळली होती, कोणी विचारलं की फडाफड सांगत असे. आता बघते तर चारही पत्रांत एकच ओळ, 'वैयक्तिक कारणास्तव'. कंपनी, लग्न, दुखणं हे सगळं मी इकडून तिकडून ऐकलं होतं, त्यांच्यापैकी कोणीही ते मला सांगितलं नव्हतं. आणि मी विचारलंही नव्हतं. घेताना मात्र केवढं विचारायची. मुलाखतीला आलेल्या पोरींना पाऊण पाऊण तास उभं आडवं विचारून घ्यायची, फळ्यावर लिहायला लावायची, खडू कसा धरतात ते बघायची. घेताना पाऊण तास आणि जाताना एक सही, असा माझा हिशेब होता.

फाईलमध्ये सगळ्यात खाली एक पिवळा पडलेला कागद होता, तो मी बाहेर काढला नाही. काढायची गरज नव्हती, मला तो पाठ आहे. मी मूळची रशियनची. आम्ही दोघी होतो, मी आणि माझी जोडीदारीण, एकाच वर्षी लागलो, एकाच खोलीत शिकवायचो, आणि जिन्यावरून एकमेकींना रशियनमध्ये हाका मारायचो, चहा झाला का, छत्री आणलीस का, त्या खडूसाला सांगितलंस का. चुकतमाकत, वाट्टेल तसं. मुलं तोंडाकडे बघत राहायची आणि त्यांना तेवढ्यावरच भाषा यायची. मग एके दिवशी तिनं पत्र आणून दिलं. मी तेव्हा नुकतीच विभागप्रमुख झाले होते, सहीची हौस होती. वाचलं आणि सही केली. ती दारात उभी राहिली होती, हातात पिशवी, दाराच्या चौकटीवर बोट फिरवत. मला वाटलं, काही विसरली असेल. 'काय गं?' म्हणाले, ती 'काही नाही' म्हणाली आणि गेली. तिला एकच शब्द हवा होता हे मला त्या संध्याकाळी बसच्या रांगेत उभी असताना कळलं, आणि तेव्हा फोन करायला लाज वाटली. पुढच्या सत्रात एकटीच्या जोरावर रशियन चालत नाही म्हणून वर्ग बंद झाला. खोली माझ्याकडे विभागाची खोली म्हणून राहिली. भिंतीवर अजून रशियन मुळाक्षरांचा तक्ता आहे, मी त्याच्याखाली बसून इतरांच्या भाषा तपासते. जर्मन मी चाळिशीनंतर शिकले, तपासण्यापुरती. वाचता येते, चूक दिसते, पण अकरा वर्षांत मी जर्मनचं एक वाक्य कुणासमोर मोठ्यानं बोललेली नाही. मुलं जाता जाता जर्मनमध्ये नमस्कार करतात तेव्हा मी मान हलवते. तपासणारी चुकली तर काय राहिलं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो भाजी निवडत होता. ऐकून त्यानं हातातली जुडी खाली ठेवली. "तू राजीनामा तपासलास?"

"हो."

"गुण दिलेस?"

"आठ."

तो इतका हसला की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "लग्नाआधी मी तुला पत्र लिहिलं होतं, त्याला किती दिले असतेस?"

"सहा. शेवट पाल्हाळिक होता."

"चला, नापास तरी नव्हतो," तो म्हणाला. मग जुडी पुन्हा हातात घेत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "का जातेय ते विचारलंस का तिला?"

"लिहिलंय ना समासात."

"समासात नव्हे गं. तोंडानं."

मी ताटं मांडायला उठले. पण बत्तीस वर्षांत हा माणूस जे बोलला त्यातलं जे जिव्हारी लागलं ते नेहमी असं भाजी निवडतानाच बोललेलं आहे. जेवताना मी ठरवून टाकलं. ही जाणार नाही. एकदा गप्प बसून एक भाषा घालवली, दुसरी घालवणार नाही. मुख्याध्यापक, पडदा, तीस तारीख, सगळ्यांना पुरून उरेन.

शुक्रवारी तिसऱ्या तासाला मी प्रयोगशाळेमागच्या खोलीबाहेर बाकावर जाऊन बसले. तिला स्वतःची खोली नाही. पाच खोल्यांतून फिरते, खांद्याला एक पिशवी, तिच्यात चित्रांचे पत्ते, पुठ्ठ्याचं घड्याळ, एक छोटा स्पीकर. प्रत्येक तासाला ती ते मांडते आणि प्रत्येक तासाला आवरते. हे मी तीन वर्षं बघत होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर बसून ऐकलं. आत ती मुलांना घड्याळ विचारत होती. मुलं ओरडत होती, चुकत होती, हसत होती. मग कोणीतरी कुजबुजलं, बाहेर लालपेन बसलीय, आणि आतला आवाज एकदम खाली आला. तिचाही आला. वाक्यं एकदम छोटी, सरळ झाली, पुस्तकातल्यासारखी. मला वाटलं, वा, काय शिस्त आहे. खरंच मला तसं वाटलं, ते लपवत नाही.

तास संपल्यावर मी तिला कागद दिला. तिनं आधी लाल आकडा बघितला, मग काय आहे ते बघितलं, आणि तिचे कान लाल झाले. "मॅडम, हे... हे गठ्ठ्यात गेलं?"

"गेलं. मी मोजलं नाही."

"मी नीट, आपल्या भाषेत लिहून देणार होते. आधी जर्मनमध्ये लिहिलं. त्यात धीर येतो मला." ती समासातला शेरा वाचत होती. वाचता वाचता ओठाचा कोपरा हलला, हसण्याचा की रडण्याचा कळलं नाही. "कारण मोघम," ती म्हणाली.

"आहेच मोघम. हे बघ, त्यावर माझी सही पडलीय. कचेरीत दिलंस तर चालेल, मी अडवणार नाही. मी फाडूही शकले असते, पण तुझं आहे ते. मला एवढंच पाहिजे, का जातेस ते सांग."

तिनं कागदाची चार वेळा घडी घातली. "तोंडानं नाही जमणार. पुन्हा लिहून आणते. सोमवारी चालेल?" अगदी दहावीतल्या मुलीसारखं म्हणाली. मी चालेल म्हणाले. जाताना तिच्या पिशवीतून ते पुठ्ठ्याचं घड्याळ पडलं आणि आम्ही दोघी एकदम वाकलो.

मग मी हातावर हात ठेवून बसले नाही. ती का जाते ते मला ठाऊक आहे असं मी मनात पक्कं केलं होतं, खोली नाही हे एक आणि दरवर्षी नव्यानं नेमणूक होते हे दुसरं. दर वर्षी सत्र संपलं की ती घरी, आणि पुन्हा तीच मुलाखत, त्याच टेबलासमोर, मीच विचारणार, तुम्हाला शिकवायला का आवडतं. तीन वर्षं मी तिला हे विचारलं आणि तीनही वेळा तिनं मन लावून उत्तर दिलं. शनिवारी शाळा सुटल्यावर मी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले आणि खुर्ची ओढून ठाण मांडून बसले. ते टोपी शोधत होते.

"सर, धाकट्या बाईंना कायम करायचं आणि खोली द्यायची."

"बाई, शनिवार आहे."

"अर्ज मी लिहून आणलाय. तुमची शिफारस हवी."

"कायम करणं माझ्या हातात आहे का? वर पाठवावं लागतं."

"म्हणूनच शिफारस म्हटलं."

"आणि खोली कुठून आणू? मुलांना बसायला नाही."

"माझी द्या."

त्यांनी टोपी शोधणं थांबवलं. "तुम्ही कुठे बसाल?"

"शिक्षकांच्या खोलीत. कपाटाशेजारी खिडकी आहे तिथे."

"अहो, तो तुमचा तक्ता, ते सगळं..."

"तक्ता माझा आहे, भिंत शाळेची आहे."

पाऊण तास लागला. ते म्हणाले पडदा बरा, मी म्हणाले पडद्याला मुलाचं नाक गळतंय हे दिसत नाही. ते म्हणाले आधीच्या चौघींसाठी एवढं नाही केलंत, मी म्हणाले तीच माझी चूक. हे वाक्य तोंडातून निघून गेल्यावर मला जरा हलकं वाटलं. शेवटी त्यांनी सही केली, मुख्यतः घरी जायचं होतं म्हणून. केलेल्या सहीला कारण विचारू नये. मी अर्जाची प्रत पिशवीत घातली आणि आपल्या खोलीत जाऊन तक्ता उतरवला. मागे भिंतीवर त्याच्या मापाचा फिका चौकोन राहिला होता. रशियन मुळाक्षरं गुंडाळताना मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं म्हटली, कोणी नव्हतं म्हणून. रडले थोडी. मग झाडून घेतलं.

सोमवारी सकाळी मी तयारीत होते. टेबलावर किल्ली, किल्लीखाली अर्जाची प्रत. स्वतःवरच खूष होते म्हणा ना, एखाद्यानं मुलाला न सांगता सायकल आणून दारात उभी करावी तशी. ती आली, तिनं रिकामी भिंत बघितली, किल्ली बघितली, पण काही विचारायच्या आधी दोन्ही हातांनी पत्र पुढे केलं. दीड पान, जर्मनमध्ये. मी चष्मा लावला.

त्यात लिहिलं होतं की खोली नाही याचं तिला काही वाटत नाही, फिरायची सवय झाली. दरवर्षीच्या नेमणुकीचं वाईट वाटतं, पण ते सोसवतं. कंपनीनं बोलावलंय हे खरं, पण ती कंपनीसाठी जात नाही. मग एक ओळ मोकळी सोडली होती. आणि पुढे लिहिलं होतं, ही भाषा मी अठराव्या वर्षी शिकले, कारण हिच्यात मला चुकता येत होतं. आमच्या घरी चुकणं चालत नसे. या भाषेत मी पहिल्यांदा खूप बोलले, हवं तसं बोलले, मोडकंतोडकं, आणि कोणी रागावलं नाही. मला मुलांना तेच द्यायचं होतं. पण दर गुरुवारी दहा कागद जातात आणि लाल होऊन परत येतात. मी जे मुद्दाम सोडलेलं असतं तेच लाल होऊन येतं. आता मी मुलांशी बोलताना आधी मनात वाक्य तपासते. मुलंही तपासतात. वर्गात आम्ही सगळे हळूहळू गप्प होत चाललो आहोत. तुम्ही वाईट नाही, मॅडम, तुमच्याइतकं कष्टानं कोणी आमचे कागद वाचत नाही. पण मला आता ही भाषा आवडेनाशी होईल अशी भीती वाटते, आणि ती आवडेनाशी व्हायच्या आत मला इथून जायचं आहे.

वाचून झालं तरी मी मान वर केली नाही. शुक्रवारी बाहेर बाकावर बसून ऐकलेला तो खाली गेलेला आवाज मला पुन्हा ऐकू आला, आणि त्याला मी शिस्त म्हटलं होतं. चौघींची चार पत्रं आठवली. कपाटामागची छत्री आठवली. अकरा वर्षं मी चांगल्या शिक्षिका शोधून शोधून आणल्या आणि दर गुरुवारी थोड्या थोड्या करून घालवल्या. मुख्याध्यापकांचा पडदा नंतरचा, पहिला पडदा मीच होते. आणि लाजेची गोष्ट अशी की इतकं सगळं मनात चाललेलं असताना पहिल्या पानावरच्या नवव्या ओळीत एक चूक आणि मागच्या पानावर एक, अशा दोन चुका मला दिसल्या होत्या, आणि माझा उजवा हात आपसूक पेनाकडे गेला होता. तिनंही ते बघितलं. हात अर्ध्या वाटेत तसाच राहिला. मग मी पेन उचललं, खण उघडला, ते आत टाकलं आणि खण लावला. तेवढ्यानं काय होतं. पेन खणात टाकणं सोपं आहे, दुसऱ्या दिवशी काढताही येतं.

ती उभीच होती. मागे दार उघडं होतं, आणि तिचं एक बोट दाराच्या चौकटीवर फिरत होतं. आठवीच्या तासाची घंटा व्हायला चार मिनिटं होती. मला मराठीत पन्नास गोष्टी सांगता आल्या असत्या. मी माफी मागू शकले असते, गुरुवारचं बंद म्हणू शकले असते, ते सगळं मला छान जमतं, एकही चूक न करता. पण तिनं दीड पान त्या भाषेत लिहिलं होतं ज्यात तिला धीर येतो, आणि ती भाषा मला अकरा वर्षं येत होती, फक्त तोंडात नव्हती. छप्पन्न वर्षांची बाई मी, लालपेन, पहिल्या तासाला फळ्यासमोर उभ्या केलेल्या पोरीसारखी झाले होते. मी उठून उभी राहिले, कारण बसून ते जमलं नसतं, आणि जर्मनमध्ये म्हणाले, जाऊ नकोस, थांब, मला तुझ्याकडून बोलायला शिकायचं आहे.

निदान तसं म्हणायचा माझा विचार होता. वाक्य मध्येच अडखळलं, एक शब्द उलटा पडला, शेवट भलतीकडेच गेला. तीन चुका झाल्या, मला तिन्ही ऐकू आल्या. तिचे डोळे मोठे झाले. तिनं मला कधी बोलताना ऐकलंच नव्हतं. बाहेर कुणीतरी बादली ओढत नेत होतं. मग ती अगदी हळू, वर्गात एखाद्या नव्या मुलीला सांगावं तसं, एक शब्द सुधारून म्हणाली. एकच.

मी वाक्य पुन्हा म्हटलं, पहिल्यापासून. या वेळी दोनच चुका होत्या. तिनं त्या तशाच राहू दिल्या, टेबलावरची किल्ली उचलली आणि "सहामाहीपर्यंत, मग बघू," असं जर्मनमध्ये म्हणाली. तेवढं मला न तपासता कळलं. घंटा झाली आणि जिन्यावरून आठवीची मुलं खाली येऊ लागली.